धुळीतून प्रकाशाचा माग काढणारे जॉन टिंडल

वाचकहो, भर दुपारी कौलारू घरात बसलेले असताना छपराच्या फटीतून खाली उतरलेला उन्हाचा कवडसा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या तिरक्या पट्ट्यात असंख्य बारीक कण वरखाली तरंगत असतात. लहान मुले ते मुठीत धरायला धावतात, मोठी माणसे घर झाडून घ्यायला हवे एवढेच म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो. पण क्षणभर थांबून विचार करा. आपल्याला दिसतो तो प्रकाश की धूळ? कवडशाच्या बाहेरही तीच हवा आणि तीच धूळ आहे, मग ती का दिसत नाही? आणि खोलीत धूळ मुळीच नसती, तर तो पट्टा दिसला असता काय?

हा प्रश्न पोरखेळाचा नाही. मुंबईकर वाचकांना २३ जानेवारी २०२२ चा दिवस आठवत असेल. सिंध-बलुचिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर येऊन बसली. समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या, मोटारींवर पांढुरकी भुकटी साचली, ऊन मंदावले आणि ऐन दुपारी थंडी वाजू लागली. धुळीने सूर्याचे किरण वरच्या वर परतवले होते. मात्र हीच धूळ काही किरण परतवते, काही इकडेतिकडे उधळते, काही स्वतः गिळून तापते, आणि रात्री जमिनीतून वर निघणारी उष्णताही अडवून धरते. म्हणजे वाळवंटाची धूळ पृथ्वीला थंड करते की गरम? नुसत्या तर्काने हे सांगता येत नाही, त्यासाठी मोजावे लागते. हवेत तरंगणाऱ्या अदृश्य वस्तूंचा प्रकाशाशी आणि उष्णतेशी चालणारा व्यवहार प्रयोगशाळेत आणून ज्यांनी मोजून दाखवला, त्यांत जॉन टिंडल यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे चरित्र येथे देत आहोत. त्यातील विज्ञान विद्यार्थ्यांनी वाचावे आणि सुरुवातीचा भाग पालकांनी जरा सावकाश वाचावा.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात, बॅरो नदीकाठच्या लेलिनब्रिज या लहानशा गावी झाला. वडिलांचे नावही जॉनच. त्यांनी आधी जोडे शिवण्याचा धंदा केला आणि पुढे ते पोलीस शिपाई झाले. पगार बेताचा, घरात शिल्लक अशी नाहीच. पण हा शिपाई वाचणारा होता आणि मुलाच्या शिक्षणाबाबत हट्टी होता. जवळच्या बॅलिनाब्राना येथे जॉन कॉनविल नावाचे मास्तर गणित आणि भूमापन उत्तम शिकवीत. टिंडल कुटुंब प्रॉटेस्टंट आणि मास्तर कॅथॉलिक. त्या काळच्या आयर्लंडमध्ये या दोन पंथांत केवढी तेढ होती हे इतिहास वाचणाऱ्यांस सांगायला नको. तरीही बापाने पाहिले ते एवढेच की येथे गणित चांगले शिकवतात. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यांनी त्याला शिकू दिले.

पालकहो, हे वाचायला सोपे वाटते. गरिबाच्या घरी सोळा वर्षांचा धट्टाकट्टा मुलगा शाळेत बसवणे म्हणजे रोज घरात येऊ शकणारी मजुरी आपल्या हाताने सोडणे. शेजारपाजारचे लोक काय म्हणत असतील याची कल्पना आपल्याला आहे, कारण आपल्याही मोहल्ल्यात ते तसेच म्हणतात.

भूमापन शिकल्याचा उपयोग लगेच झाला. १८३९ साली टिंडल सरकारी मोजणी खात्यात लागले. आयर्लंडचे नकाशे तयार करण्याचे काम तेव्हा जोरात चालू होते. पगार आठवड्याला वीस शिलिंगांहून थोडा कमीच होता. कॉर्क येथे असताना खात्यातील एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना विचारले की फावल्या वेळाचे तुम्ही काय करता, आणि रोज पाच तास नेमाने अभ्यासाला द्यावेत असे सुचवले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत टिंडल पुस्तकांपाशी होते, आणि हा नेम त्यांनी पुढे बारा वर्षे मोडला नाही.

१८४२ साली त्यांची बदली इंग्लंडमधील प्रेस्टन येथे झाली. तेथे आयरिश नोकरांना मिळणारा तुटपुंजा पगार आणि त्यांना दिली जाणारी वागणूक याविरुद्ध त्यांनी उघड तक्रार केली. त्याचे फळ लगेच मिळाले. १८४३ साली त्यांना कामावरून कमी करण्यात आले. तेवीस वर्षांचा शिकलेला तरुण रिकाम्या हाताने गावी परतला. पुढे १८४४ पासून इंग्लंडमध्ये रेल्वेमार्गांच्या मोजणीचे काम मिळाले. त्या वेळी रेल्वे बांधण्याचे आणि तिच्या शेअर्सचे असे वेड पसरले होते की मोजणीदारांना रात्रीचा दिवस करावा लागे. पैसा बरा मिळाला आणि टिंडल यांनी तो साठवला. ते वेड ओसरताच १८४७ मध्ये त्यांनी हँपशायरमधील क्वीनवुड कॉलेजात गणिताच्या शिक्षकाची नोकरी धरली. वडील त्याच साली वारले. मुलाचे पुढे काय झाले हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

क्वीनवुडला एडवर्ड फ्रँकलंड नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ शिकवीत होते. दोघांनी आपसात एक व्यवस्था केली. टिंडल यांनी फ्रँकलंडना गणित शिकवायचे आणि फ्रँकलंडनी टिंडल यांना रसायन. अशी अदलाबदल करायला फी लागत नाही, फक्त कमीपणा वाटू द्यायचा नसतो. या दोघांनी १८४८ च्या शरद ऋतूत आणखी एक धाडस केले. चालती नोकरी सोडून ते जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात शिकायला गेले. टिंडल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. भाषा परकी, वर्गातील मुले वयाने लहान, खर्चाला रेल्वेच्या कामातली शिल्लक. तेथे बुन्सेन यांच्यासारखे गुरू लाभले. दोन वर्षांच्या आत, १८५० मध्ये, टिंडल डॉक्टरेट घेऊन मोकळे झाले. विषय गणिताचा होता, स्क्रूच्या पृष्ठभागाचा.

पदवी मिळाली, पण जागा मिळेना. टोरँटो, सिडनी, कॉर्क, गॉलवे, जेथे जेथे प्राध्यापक हवा अशी जाहिरात निघाली तेथे तेथे अर्ज गेला आणि नकार आला. शेवटी पुन्हा क्वीनवुडच्या शाळेत मास्तरकी! १८५२ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले, तरी पोटापाण्याचा प्रश्न होताच. फेब्रुवारी १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक व्याख्यान देण्याची संधी मिळाली. ते इतके रंगले की त्याच वर्षी टिंडल तेथे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. संस्थेचे मुख्य होते मायकेल फॅरडे, लोहाराचा मुलगा आणि लहानपणी बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. शिपायाचा मुलगा आणि लोहाराचा मुलगा यांचा स्नेह फॅरडे यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६७ पर्यंत टिकला. त्यानंतर संस्थेची धुरा टिंडल यांच्याकडे आली.

आता मुख्य कामाकडे येऊ. टिंडल आल्प्स पर्वतात हिमनद्यांचा अभ्यास करायला जात असत. गिर्यारोहणाची त्यांना विलक्षण हौस होती. वाइसहॉर्न हे अवघड शिखर १८६१ साली प्रथम चढून जाणारे तेच. उंच डोंगरावर ऊन भाजून काढते आणि सावलीत मात्र हाडे गोठतात, हे त्यांनी अंगावर अनुभवले होते. सूर्याचा प्रकाश हवेतून सहज खाली येतो, पण तापलेल्या जमिनीतून निघणारे उष्णतेचे अदृश्य किरण तितक्याच सहज वर जातात काय? फ्रान्समधील फूरिए यांनी हवा ती उष्णता अडवत असावी असे आधीच सुचवले होते. अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी १८५६ साली वायूंनी भरलेल्या काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून दाखवले होते की कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे जास्त तापते. बाईंचे नाव पुढे शंभरावर वर्षे कोणी घेतले नाही, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले. पण जमिनीतून निघणाऱ्या अदृश्य किरणांपैकी कोणता वायू किती गिळतो, हे अजून कोणी मोजलेले नव्हते.

टिंडल यांनी १८५९ मध्ये ते मोजायला घेतले. एक लांब पितळी नळी, तिच्या एका टोकाला उकळत्या पाण्याने भरलेला तांब्याचा चौकोनी डबा आणि दुसऱ्या टोकाला थर्मोपाईल, म्हणजे उष्णता पडताच सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण करणारे साधन. तो प्रवाह गॅल्व्हानोमीटरची सुई हलवून दाखवतो. नळीची तोंडे कशाने बंद करायची? काच चालत नाही, कारण काच अदृश्य उष्णता स्वतःच अडवते. म्हणून सैंधव मिठाच्या स्वच्छ स्फटिकाच्या चकत्या बसवल्या. तरी अडचण उरलीच. डब्यातून येणारी उष्णता एवढी आणि वायूने गिळलेली एवढीशी, की सुईला तो फरक कळेना. पोत्याच्या वजनात चिमूटभर धान्य कमी झाले तर काट्याला काय कळणार? टिंडल यांनी तराजूचीच युक्ती केली. थर्मोपाईलच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच उष्णतेचा दुसरा डबा ठेवून सुई बरोबर शून्यावर आणली. दोन्ही पारडी समान झाली. आता नळीत वायू सोडला आणि त्याने जरा जरी उष्णता गिळली तरी तोल ढळे आणि सुई सरके.

ऐकायला छान वाटते, पण सुई मुळात शून्यावर राहीना. बराच त्रास काढल्यावर दोष सापडला तो तारेवर गुंडाळलेल्या हिरव्या रेशमात. त्या हिरव्या रंगात लोहाचा अंश होता आणि तो चुंबकी सुईला ओढत होता. पांढरे रेशीम वापरल्यावर सुई ठिकाणावर आली. विद्यार्थी मित्रांनो, पाठ्यपुस्तकातील एका ओळीमागे अशा किती सुया आणि किती रेशमे असतात!

१० जून १८५९ रोजी, राणी व्हिक्टोरियाचे पती अध्यक्षस्थानी असताना, टिंडल यांनी हे प्रयोग सभेपुढे करून दाखवले. हवेचा बहुतेक भाग ज्यांनी भरला आहे ते नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेला जवळजवळ अडवतच नाहीत. अडवते ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि असेच थोड्या प्रमाणात असणारे वायू. वाफेचे प्रमाण अत्यल्प, पण काम बाकी सर्व हवेपेक्षा कित्येक पटींनी मोठे. येथे टिंडल यांनी सहारा वाळवंटाचे उदाहरण घेतले. दिवसा जेथे वाळू पाय भाजते तेथेच रात्री कडाक्याची थंडी पडते, कारण त्या कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवणारी वाफेची गोधडी नसते. आपल्या कोकणातील दमट रात्र आणि मराठवाड्यातील हिवाळ्याची कोरडी रात्र यांतील फरक ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे लगेच पटेल.

धूळ या कामात आली ती न बोलावता. १८६८ च्या ऑक्टोबरात टिंडल काचेच्या नळीत निरनिराळ्या वाफा भरून त्यांवर विजेच्या दिव्याचा प्रखर झोत टाकीत होते. त्यासाठी नळीतली हवा निर्मळ हवी. हवा आम्लातून आणि क्षारातून गाळून घेतली, तरी झोतात कण चमकतच राहिले. चिडून जाऊन हा दोष कसाबसा लपवणारेही पुष्कळ असतात. टिंडल यांनी हवा नळीत शिरण्यापूर्वी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून सावकाश जाऊ दिली, आणि कण नाहीसे झाले. ते जळून गेले होते. याचा अर्थ लंडनच्या हवेतील तरंगती धूळ म्हणजे केवळ माती किंवा खनिज नव्हे, तिच्यात जळणारा, सेंद्रिय पदार्थ भरपूर आहे.

मग त्यांनी तीच ज्योत उघड्या हवेत झोताच्या खाली धरली. ज्योतीच्या वर, उजळलेल्या पट्ट्यात, काळेकुट्ट लोट उठताना दिसू लागले. पाहणाऱ्यांना वाटले धूर आहे. पण तो धूर नव्हता. ज्योतीने धूळ जाळून टाकली होती आणि वर जाणारी हवा स्वच्छ होती. प्रकाश तिच्यातून जातच होता, पण त्याला डोळ्याकडे वळवणारा एकही कण उरला नव्हता, म्हणून ती काळी दिसत होती. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. जाणारा प्रकाश बाजूने दिसत नाही. दिसतो तो धुळीने उधळलेला प्रकाश. धूळ नसेल तर कवडसा नाही.

या जागी एका फार जुन्या नावाची आठवण येते. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहून काम केलेले इब्न अल्-हैसम यांनी टिंडल यांच्या आधी सुमारे साडेआठशे वर्षे अंधाऱ्या, धुळकट खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे निरीक्षण करून, तो सरळ रेषेत जातो हे सिद्ध करण्यासाठी त्याच धुळीचा उपयोग केला होता. एकाने धूळ वापरून प्रकाश समजून घेतला, दुसऱ्याने प्रकाश वापरून धूळ समजून घेतली.

नळीतील वाफांवर झोत टाकताना आणखी एक गोष्ट दिसली. काही वाफांतून प्रकाशाच्या क्रियेने अतिसूक्ष्म कण तयार होऊ लागत, आणि सुरुवातीला, कण अगदी बारीक असताना, तो ढग आकाशासारखा निळा दिसे. कण वाढत गेले की निळाई फिकट होऊन ढग पांढुरका होई. या निळ्या प्रकाशाला झोताच्या काटकोनात उभे राहून तपासले तर त्याची कंपने एकाच दिशेला बांधलेली आढळत, ज्याला ध्रुवीकरण म्हणतात. आकाशाच्या निळ्या प्रकाशातही हाच गुण असतो. १८६९ मध्ये टिंडल यांनी यावरचा निबंध प्रसिद्ध केला. आकाशाचा निळा रंग हवेतील अतिसूक्ष्म कणांमुळे असावा असा त्यांचा तर्क होता. लॉर्ड रॅले यांनी १८७१ पासून त्याचे गणित मांडले आणि पुढे असे ठरले की त्यासाठी वेगळे कण लागत नाहीत, हवेचे रेणूच ते काम करतात. म्हणजे तर्काचा एक भाग टिकला नाही. पण कणाचा आकार बदलला की उधळलेल्या प्रकाशाचा रंग आणि स्वभाव बदलतो, हे जे नळीत दिसले ते टिकले. वाळवंटातील धुळीचे कण रेणूंच्या मानाने प्रचंड, म्हणून धुळीच्या दिवशी आकाश निळे न राहता दुधट किंवा पिवळसर होते.

याच धुळीने टिंडल यांना रोगांच्या प्रश्नाकडे नेले. जानेवारी १८७० मध्ये त्यांनी धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान देऊन लंडनकरांना आपण श्वासाबरोबर काय आत घेतो ते दाखवले. फ्रान्समध्ये पाश्चर यांचे जंतुविषयक काम चालू होते आणि पुष्कळ डॉक्टरांचा त्याला विरोध होता. टिंडल यांनी काचेच्या खिडक्यांची एक लाकडी पेटी केली, आतून ग्लिसरीन फासले आणि धूळ बसून चिकटेपर्यंत ती काही दिवस तशीच ठेवली. पेटीतील हवा निर्मळ झाली की नाही याची परीक्षा प्रकाशाच्या झोतानेच घेतली. झोत दिसेनासा झाला की हवा स्वच्छ. मग आतील परीक्षानळ्यांत मांस, मासे, भाज्या यांचे उकळलेले पाणी, आपण ज्याला यखनी म्हणतो तसले, भरून ठेवले. ते नासले नाही. बाहेरच्या हवेतले थोड्याच दिवसांत नासले.

पण १८७६ च्या सुमारास हेच प्रयोग फसू लागले. प्रयोगशाळेत वाळलेले गवत आणले होते आणि त्याबरोबर आलेली काही बीजे उकळूनही मरत नव्हती. विरोधकांना हर्ष झाला. टिंडल यांनी प्रयोग क्यू येथील स्वच्छ जागेत हलवले, आणि १८७७ मध्ये थांबून थांबून वारंवार तापवण्याची रीत काढली. कठीण कवचातले बीज पहिल्या तापवण्यातून वाचते, पण मधल्या काळात अंकुरते आणि पुढच्या तापवण्यात मरते. ही रीत त्यांच्या नावाने ओळखली जाते. आगीच्या बंबावरील जवानांसाठी कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा घातलेला श्वसनाचा मुखवटाही त्यांनी तयार केला, आणि दाट धुरात स्वतः बसून तो तपासला.

टिंडल यांचे सगळेच वागणे डोक्यावर घेण्यासारखे होते असे नाही. ते भांडखोर होते आणि वाद ओढवून घेत. १८७४ च्या बेलफास्ट येथील भाषणाने त्यांनी पाद्रीवर्गाचा मोठा रोष पत्करला. ते एक वेळ विचारांचे भांडण म्हणून सोडून देऊ. पण १८६५ साली जमेकातील गोरगरीब काळ्या प्रजेचा उठाव गव्हर्नर आयर यांनी निर्घृणपणे मोडून काढला, तेव्हा टिंडल यांनी बाजू घेतली ती गव्हर्नरची. अन्यायाविरुद्ध बोलल्यामुळे ज्याची नोकरी गेली होती, त्या माणसाने असे करावे हे आमच्या मनाला लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७२-७३ मध्ये ते व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले. लोकांनी तिकिटे काढून गर्दी केली. खर्च वजा जाता सुमारे तेरा हजार डॉलर उरले. त्यातला एक डॉलरही त्यांनी घरी नेला नाही. विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या अमेरिकन तरुणांसाठी ती सगळी रक्कम विश्वस्तांकडे ठेवली. पुढे १८८५ मध्ये ती वाढलेली रक्कम हार्वर्ड, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया या तीन विद्यापीठांत वाटली जाऊन तिच्यातून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मारबुर्गला आपल्या शिलकीतून फी भरणाऱ्या माणसाला असे करावेसे वाटले यात नवल नाही. लंडनमधील कामगारांसाठी आणि मुलांसाठीही ते व्याख्याने देत, आणि त्यांची तयारी मोठ्या विद्वानांपुढील भाषणाइतकीच कसून करीत.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, १८७६ मध्ये, त्यांचा लुईझा हॅमिल्टन यांच्याशी विवाह झाला. उतारवयात सरे परगण्यातील हाइंडहेड येथे ते राहू लागले. निद्रानाशाचा विकार जुना होता, त्यासाठी क्लोरल हे औषध घेत आणि पोटासाठी मॅग्नेशिया. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुईझाबाईंच्या हातून मॅग्नेशियाऐवजी क्लोरल दिले गेले. चूक दोघांच्याही लगेच लक्षात आली, उपाय केले, पण त्याच दिवशी टिंडल वारले. बाई पुढे सत्तेचाळीस वर्षे जगल्या. पतीची पत्रे, रोजनिशा आणि कागद त्यांनी जपून ठेवले, चरित्राची सामग्री जमवत राहिल्या, पण चरित्र त्यांच्या हातून लिहून झाले नाही. त्या १९४० मध्ये वारल्या आणि ते पुस्तक दुसऱ्यांच्या हातून १९४५ मध्ये बाहेर पडले.

टिंडल यांनी वाळवंटातील धुळीचे वादळ मोजले नाही. परंतु आज ते मोजण्यासाठी जी साधने वापरतात त्यांत त्यांची नळी आणि त्यांचा झोत ओळखू येतो. कानपूरच्या आय. आय. टी.त २००१ पासून सूर्याकडे रोखलेले एक यंत्र ठेवलेले आहे. निरनिराळ्या रंगांचा किती प्रकाश हवेतून खाली पोचला ते मोजून वर किती धूळ आहे आणि कण बारीक की जाडे हे त्यावरून काढतात. उन्हाळ्यात थरच्या वाळवंटाकडून जाडी धूळ येते तेव्हा आकडे लगेच बदलतात. २००६ मध्ये सोडलेल्या आणि २०२३ पर्यंत काम केलेल्या कॅलिप्सो या उपग्रहाने तर आकाशातून खाली लेसरचा झोत टाकून परतलेला प्रकाश मोजला. वाळवंटी कण वेडेवाकडे असल्यामुळे त्यांवरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बिघडते, आणि एवढ्यावरून ही धूळ आहे की धूर आहे हे बरेचसे ओळखता येते. त्याच्या २००७ ते २०१३ च्या मोजमापांवरून असा हिशेब निघाला की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दरवर्षी सरासरी १८ कोटी टनांहून अधिक धूळ अटलांटिककडे निघते, आणि त्यातील सुमारे पावणेतीन कोटी टन अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडते.

थंड की गरम, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. किरण धुळीवर पडले तर किती उधळले जातात आणि किती गिळले जातात, हे कणाच्या रंगावर आणि आकारावर ठरते. फिकट धूळ ऊन परतवते. लोहाच्या ऑक्साइडने लालसर झालेली धूळ ते गिळते. जाडे कण जमिनीची उष्णता अडवतात. एकंदरीने धूळ पृथ्वीला किंचित थंड करत असावी असा अलीकडचा अंदाज आहे, पण त्यात चुकीला जागा बरीच आहे. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एमिट नावाचे यंत्र बसवण्यात आले. जगातील वाळवंटांची माती कोणत्या खनिजांची आहे हे तिच्यावरून परतलेल्या प्रकाशाच्या रंगांतून ते वाचते.

आता विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. काचेचा उंच, सरळ पेला स्वच्छ पाण्याने भरा. खोलीत अंधार करा आणि पेल्याच्या एका बाजूने लहान टॉर्चचा पांढरा झोत पाण्यातून जाऊ द्या. झोत पाण्यात जवळपास दिसणार नाही. आता दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. झोत दिसू लागेल. बाजूने पाहिलेत तर त्यात निळसर छटा दिसेल, आणि पेल्याच्या पलीकडे पांढरा कागद धरलात तर त्यावरचा उजेड पिवळट वाटेल. एकेक थेंब वाढवत जा आणि प्रत्येक थेंबाला काय बदलले ते वहीत तारीख घालून लिहा.